झाकण उघडलं की तापमान पडतं

निहारिका शनिवारी उरलेलं सामान न्यायला येणार होती. ती आल्यावर परत जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी माझ्याकडे चार जाडजूड वांगी आणि एक पेलेट स्मोकर होता. याहून कमी सामग्रीत लोकांनी राज्यं मिळवली आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. उदाहरण आठवलं नाही.

पेलेट स्मोकर म्हणजे चाकांवर आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप. बाजूच्या टाकीत लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरायच्या आणि हवं ते तापमान लावायचं. आतला स्क्रू गोळ्या विस्तवाकडे ढकलत राहतो आणि पंखा धूर फिरवतो. इथली माणसं त्यात ब्रिस्केट नावाचा मांसाचा भलाथोरला तुकडा दिवसभर ठेवतात आणि बाहेर बिअर घेऊन बसतात, प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात बसावं तशी. आम्ही मात्र तो भरतासाठी घेतला होता. ट्रुगानिनातल्या आमच्या भाड्याच्या घरात इंडक्शन आहे, जाळ नावाची गोष्टच नाही, आणि निहारिका जळगावची. ओव्हनमधल्या वांग्याच्या भरताला ती "पेशंटचं जेवण" म्हणायची.

आमचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. एका रविवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "सलिल, तुझ्याशी बोलताना मला कायम प्रेक्षकांत बसल्यासारखं वाटतं." मी म्हणालो, "तिकीट तरी परत मागू नकोस." तिने टॉवेलची घडी पूर्ण केली आणि जिलाँगला राजीवदादाकडे, तिच्या मावसभावाकडे, निघून गेली. इथल्या कायद्यात घटस्फोटाच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. सरकार भातासारखी वाफ जिरू देतं.

तर मी तिला फोन केला. "कांदेनवमी आली. पुढे चार महिने तुझं वांगं बंद. भरीत करतो, खाऊन जा."

तिच्या घरी चातुर्मासात वांगं खात नाहीत, आणि इथे दक्षिण गोलार्धात चातुर्मास ऐन थंडीत लागतो. भरताचा मोसम आणि भरताची बंदी हातात हात घालून येतात.

"बरं," ती म्हणाली. "पण राजीवदादाला पाचच्या आत व्हॅन परत करायचीय."

शनिवारी सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. आमच्या नव्या वसाहतीच्या पलीकडे मोकळं माळरान आहे. तिथून निघालेला वारा थेट आमच्या बॅकयार्डात येऊन थांबतो, कारण वाटेतली झाडं अजून काठ्यांना बांधलेली आहेत. मी दोनशे अंशांचा आकडा लावला. स्मोकरने नव्वद गाठले आणि तिथेच संसार मांडला.

थंडीत काय करायचं ते मी वाचून ठेवलं होतं. यंत्र भिंतीच्या आडोशाला घ्यावं, गोळ्या कोरड्या ठेवाव्यात, वरून आग न लागणारं पांघरूण घालावं, आणि काहीही झालं तरी झाकण उघडू नये. झाकण उघडलं की तापमान पडतं आणि पुन्हा चढायला फार वेळ घेतं. मी सगळं केलं. पांघरूण पोटाशी नीट खोचलं.

कुंपणावरून शेजारच्या क्रेगचं डोकं वर आलं. "ब्रिस्केट, मेट?"

"एगप्लांट."

क्रेगने लोकरीची टोपी काढली. बहुतेक डोकं खाजवायला, पण दिसलं ते श्रद्धांजलीसारखंच. "नो वरीज," म्हणाला आणि खाली गेला.

ते दोघं आले तेव्हा आकडा एकशे चाळीसवर होता आणि वांगी जशी ठेवली तशीच टणक होती. राजीवदादा दारातूनच ओरडला, "काय जावईबापू!" आणि जीभ चावली. "म्हणजे, सलिल. सलिलच ना." आपल्याला आता काय म्हणायचं हे त्याला कळेना. मलाही कळत नव्हतं, म्हणून मी मदत केली नाही.

निहारिकाने खोकी भरली. पुस्तकं, कुकर, तिच्या आईने दिलेला पोळपाट. लाटणं माझं निघालं, त्यामुळे ते राहिलं. मग ती जाकीट घालून मागे आली आणि स्मोकरकडे बघत उभी राहिली.

"याला पांघरूण?"

"थंडी वाजत होती त्याला."

ती हसली नाही. "किती वेळ लागेल?"

"बाहेर गार आहे. लागेल."

"चालेल. भरीत झालं की निघतो."

हे वाक्य तिने सहज टाकलं. पण मी ते ऐकलं आणि सकाळपासून आपण भलत्याच बाजूने लढतोय हे माझ्या लक्षात आलं. भरीत झालं की निघतो. म्हणजे भरीत होत नाही तोवर ती इथे आहे.

ती कांद्याची पात चिरायला आत गेली. मी झाकण उघडलं.

आकडा घसरला. एवढं सुंदर दृश्य मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. झाकण लावलं, तो चढायला लागला, पुन्हा उघडलं. खिडकीतून ती मिरच्या आणि शेंगदाणे परतताना दिसत होती. नाकावर आलेली बट ती मनगटाने मागे सारत होती. मी आणखी एकदा उघडलं.

राजीवदादा बाहेर आला. तो इमारतींच्या एसीचं काम बघतो, त्यामुळे कुठल्याही डब्यातली हवा गार झाली की त्याला वैयक्तिक वाटतं.

"अरे, हे चढत का नाहीये?"

"वारा."

"वाऱ्याने एवढं पडत नाही. झाकण नीट बसत नसणार." तो गुडघ्यांवर बसला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि झाकणाच्या कडेवरून प्रेमाने बोट फिरवत गेला. "फटबिट दिसत नाही. विचित्र केस आहे, जावई... सलिल."

"फारच विचित्र."

"गाडीत टेप आहे. आणू?"

"नको, नको. त्याला आहे तसं स्वीकारू या."

तो तरीही टेप शोधायला गेला. मी लगेच झाकण उघडलं, आणि या वेळी मागे वळलो तर निहारिका दारात उभी होती. हातात पातीची ताटली.

"काय करतोयस?"

"तापमान पाडतोय."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

ती हसली. खळखळून, ताटली हलेपर्यंत हसली. कित्येक महिन्यांत तिला हसवायला मी काय काय केलं होतं, आणि आता काहीच केलं नव्हतं तर ती हसत होती. मला हसायला यायला हवं होतं. मी नुसता झाकणाचा दांडा धरून उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू हळूहळू थांबलं.

दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरावर ढकलता आलं असतं, पण पेलेट स्मोकरचा धूर फार सभ्य असतो, डोळ्यांना झोंबत नाही.

"हे आधी का नाही रे बोललास?" ती म्हणाली. "असं. सरळ."

एक विनोद आला होता, तो मी गिळला.

तिने ताटली खाली ठेवली, माझा हात दांड्यावरून काढला आणि झाकण लावलं. "होऊ दे आता, सलिल."

आम्ही पायरीवर बसलो. आकडा चढत गेला. एकशे पन्नास, एकशे सत्तर. ज्या यंत्राने सकाळी माझा जीव खाल्ला, ते आता कर्तव्यदक्ष झालं होतं. वांगी सुरकुतली, बसली, त्यांना पाणी सुटलं. आम्ही गरम सालं सोलली. बोटं भाजली की ती पूर्वी माझ्या कानाला लावायची. आज तिने स्वतःच्या कानाला लावली.

राजीवदादा टेप घेऊन आला, भरीत बघून टेप खिशात घातली आणि तीन वेळा वाढून घेतलं. "धूर काय लागलाय!" म्हणाला. निहारिकाने सावकाश खाल्लं. ताटली पुसून खाल्ली.

"हा घेऊन जा," मी स्मोकरकडे बोट दाखवलं. "तुझ्यासाठीच घेतला होता."

"मी नवा फ्लॅट घेतलाय," ती म्हणाली. "तिथे गॅस आहे."

गेटपाशी तिने जाकिटाची चेन वर ओढली. मी म्हणालो, "कार्तिकात वांगं सुटेल, तेव्हा..."

"सलिल."

"विनोद करत नाहीये."

"माहितीय रे," ती म्हणाली. "म्हणून तर ऐकवत नाही."

ती व्हॅनमध्ये बसली. राजीवदादाने तिचा पट्टा लागेपर्यंत इंजिन सुरू केलं नाही, आरसे तपासले, सिग्नल दिला, रिकाम्या रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. फार जबाबदार माणूस. मग ते गेले.