रेडिओच्या जागचं बटण

आमच्या वडिलांची, आप्पांची, शेवरले अमेरिकन होती, पण अमेरिकेतल्या काटकसरी माणसासाठी बनवलेली. १९५३ सालचं सगळ्यात साधं मॉडेल. क्रोमची पट्टी नाही, पायाखाली गालिच्याऐवजी रबर, आणि रेडिओच्या जागी भोक झाकणारी पत्र्याची कोरी पट्टी. शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीत रेडिओ वाजायचा आणि मला आप्पांची लाज वाटायची. आता सत्तरीत खोटं कशाला बोलू?

माझी धाकटी बहीण नीला महिनाअखेरीला मुलुंडचं घर विकून कायमची मुलीकडे, कॅनडाला निघाली. फोनवर म्हणाली, "श्याम, जायच्या आधी एकदा आप्पांच्या गाडीतून आरे कॉलनीत फिरव ना. रविवारी जायचो तसं."

गोरेगावात आमच्या आवारात गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मी बाळ मेस्त्रींना बोलावलं आणि मग मला आवरेना. क्रोम लावा, गालिचा टाका, रेडिओ बसवा! नाकापेक्षा मोती जड झाला, तरी माझं आपलं चालूच.

पत्र्याची पट्टी काढताना मेस्त्री थांबले. "साहेब, हेच्यावर कोटाचा बटण कोणी मुद्दाम बसवलेला दिसता. ठेवू काय?"

"फेका हो. दळिद्री दिसतं ते."

रविवारी नीला आली. गाडीभोवती फिरून "झकास रे" म्हणाली आणि पुढच्या लांब सीटवर सरकत सरकत मधोमध बसली. लहानपणी आप्पांच्या आणि माझ्या मध्ये बसायची, तशी. आता खिडकीशी कोणीच नव्हतं.

आरेचा चढ लागला तसा तिचा हात डॅशबोर्डकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बटण कुठेय रे?"

"हा बघ, खरा रेडिओ!" मी ऐटीत लावला. कुठलीशी जाहिरात खेकसायला लागली.

"बंद कर." तिने हात मागे घेतला. "आप्पांनी स्वतःच्या कोटाचं बटण लावलं होतं माझ्यासाठी. मी फिरवलं की ते गायचे. उलटं फिरवलं की गप्प."

मी गाडी झाडाखाली थांबवून मेस्त्रींना फोन लावला. "तो भंगारवालो कधीच घेवन गेलो, साहेब." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

नीलाने डोळे पुसले. "जाऊ दे. तू गा. कुठलं गाणं होतं रे ते? मी पाच वर्षांची, मला चालसुद्धा आठवत नाही. तू चांगला अकरा वर्षांचा होतास."

ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. मग मला सांगावंच लागलं. आप्पा गायला लागले की मी खिडकीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून बसायचो.