ताईने हॉल धुतला

आमच्या शाळेचा हॉल बघितला की माझं डोकं फिरायचं. वाईट होता म्हणून नाही, चांगला होता म्हणून. उंच छत, दोन्ही बाजूंना मोठाल्या खिडक्या, पायाखाली लाकडी फळ्यांची गुळगुळीत जमीन, आणि दुपारी शेवटची घंटा झाली की दाराला हे एवढं कुलूप. फाटकाबाहेर मात्र एकाला एक चिकटलेल्या इमारती, कायमची रुसलेली लिफ्ट, एकेका खोलीत चार-पाच माणसं. पाय मोकळे करायचे तर रस्त्यावर, आणि रस्ता ट्रकवाल्यांचा. निम्म्या बायकांचे गुडघे दुखतात, उरलेल्यांची कंबर. आणि भिंतीच्या अलीकडे एवढी जागा संध्याकाळभर नुसती लोळत पडलेली. मी या शाळेत खेळ शिकवते आणि माझी सख्खी बहीण समोरच्याच इमारतीत राहते, तेव्हा हा प्रश्न माझ्यासाठी घरचाच होता.

मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. हॉल संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना खेळायला द्या, एवढंच माझं म्हणणं. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग मला टाळायला लागल्या. जिन्यात माझी चाहूल लागली की परत फिरायच्या. शेवटी एकदा मी त्यांना स्टाफरूमच्या दारातच गाठलं.

"ठीक आहे," त्या दमून म्हणाल्या. "शाळा समिती येऊन बघेपर्यंत चालवा. पुढचं ते ठरवतील. पण त्या जमिनीसाठी मी कुणाकुणाचे उंबरे झिजवलेत ते मलाच माहीत. तिला काही झालं, की कुलूप."

"तळहातावरच्या फोडासारखी जपते," मी म्हटलं. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

वस्तीचं भलं, बायकांचं आरोग्य, असं मी पुष्कळ बोलत होते आणि ते खोटं नव्हतं. पण बोलताना डोळ्यांसमोर एकच बाई असायची. माझी ताई.

ताईने उभं आयुष्य हॉस्पिटलात सफाईचं काम केलं. भावजी तिथेच स्ट्रेचर ओढायचे. दोघं पाठोपाठ निवृत्त झाले, आता जरा आराम करू असं म्हणता म्हणता एका सकाळी भावजी गेले. तेव्हापासून ताईने खिडकीचा पडदा ओढला तो ओढलाच. भाजी मी आणून द्यायची. शेजारणीने दार वाजवलं तर ही उघडायची नाही. भावजींचा विषय काढला की उठून आत जायची, आणि आत म्हणजे कुठे, घर एका खोलीचं, म्हणून मोरीत जाऊन उभी राहायची. जिच्या आवाजाला घाबरून डॉक्टरसुद्धा बूट पुसून कॉरिडॉरमध्ये शिरायचे, ती बाई दिवसभर पलंगाच्या काठावर बसून असायची. ही अशी बसल्या बसल्याच संपेल, अशी मला भीती वाटायची. आणि मला भीती वाटली की राग येतो.

"चल," मी तिला म्हटलं. "हॉल उघडलाय."

"मला काय करायचाय तुझा हॉल?"

"बायका आल्या नाहीत तर बंद करतील. शाळेत माझं नाक कापलं जाईल."

"तुझ्या नाकाला काय धाड भरलीय, चिमे," ती म्हणाली. मी पंचेचाळिशीची, अंगाने दणकट, शाळेतली पोरं मला टरकून असतात, आणि ही मला अजून चिमे म्हणते. पण उठली. माझ्यासाठी ती लहानपणापासून कुणाशीही भांडायला उभी राहायची, तशीच कुरकुरत उठली.

पहिल्या दिवशी ती भिंतीला टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग एकदा व्हॉलीबॉल घरंगळत तिच्या पायाशी आला आणि तिच्याच इमारतीतली तळमजल्यावरची शिलाईवाली म्हणाली, "टाका की इकडे." ताईने तो उचलून असा हाणला की जाळीवरून पार जाऊन समोरच्या भिंतीवर आपटला. इतकी वर्षं फरशा घासून तिचे खांदे लोखंडाचे झालेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शिलाईवालीने तिचं नाव तोफ ठेवलं. त्यानंतर मला तिला बोलवायला जावं लागेना. मी फाटकाशी पोचायच्या आधी ही केस घट्ट बांधून तिथे हजर. भावजींचा विषय मात्र अजून बंदच होता. मी म्हटलं, असू दे, सगळं एकदम कशाला हवं.

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी मला मुलींचा संघ घेऊन सामन्याला जायचं होतं. म्हणून किल्ली ताईकडे दिली. "उद्या पाहुणे यायचेत," मी सांगितलं, "हॉल जरा नीट करून ठेव."

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने खुर्च्या सरळ लावल्या असत्या. ताईने बायका गोळा केल्या, बादल्या गोळा केल्या, गरम पाण्यात साबण कालवला आणि हॉल धुतला. हॉस्पिटलात शिकली होती तसा धुतला. आधी भरपूर पाणी ओतायचं, मळ सुटेपर्यंत ते तसंच मुरू द्यायचं, मग घासायचं, मग पाणी ओढून काढायचं. एवढ्याने समाधान होईना म्हणून पुन्हा पहिल्यापासून. बरोबरच्या बायका कुणी दवाखान्यात, कुणी ऑफिसात, कुणी लोकांच्या घरी हेच काम करणाऱ्या. एकीच्याही घरी लाकडी जमीन नाही. हॉलने आपल्याला एवढं दिलं, तर आपल्याला जे उत्तम येतं ते त्याच्यासाठी करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सकाळी मी दार उघडलं. फळ्यांनी पाणी पिऊन कडा वर उचलल्या होत्या. सगळी जमीन पत्र्याच्या छपरासारखी दिसत होती. काय झालं असेल ते मला साबणाच्या वासावरूनच कळलं. मागून मोठ्या बाई आणि समितीचे अध्यक्ष येत होते. अध्यक्ष म्हणजे उंच, मोजकं बोलणारे गृहस्थ. आणि त्यांच्याही मागून, ठेवणीतले कपडे घालून, ताई. ती शाबासकी ऐकायला आली होती.

मी तेवढ्यात ठरवून टाकलं की खोटं बोलायचं.

"हे काय झालं?" मोठ्या बाई दारातच थांबल्या.

"पाइप फुटला," मी म्हटलं. "रात्री केव्हातरी..."

"पाइप कशाला फुटेल?" मागून ताई म्हणाली. "मी धुतलाय हॉल." आणि मग तिची नजर खाली गेली.

अध्यक्षांनी वाकून एका फळीवरून बोटं फिरवली. "लाकडावर पाणी ओतलंत?"

"ओतलं. दोनदा." ताईने मान खाली घातली नाही, पण आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, जमीन म्हणजे जमीन. माझी बहीण इथे नव्हती आणि बायकांना मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं. चूक माझी आहे."

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते बघून मला त्यांच्यावर रागावताही येईना. "हॉल बंद," त्या म्हणाल्या. ताईने मान हलवली आणि निघून गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. आता ही घरी जाणार, पडदा ओढणार, आणि या वेळी तिच्याकडे पडदा ओढायला कारणही असणार. हॉल गेला त्याचं मला एवढं वाटलं नाही. मी मोठ्या कष्टाने परत मिळवलेली बहीण माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

शाळा सुटल्याबरोबर मी तिच्या इमारतीत शिरले. काय बोलायचं ते पाठ करत होते. आधी समजूत घालायची, नाही ऐकलं तर भांडायचं, तेही नाही जमलं तर रडायचं. जिन्याच्या पहिल्याच वळणावर वरून कुणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं.

"बाजूला हो, चिमे. वायर पायात येईल."

ताई होती. तिच्या कडेवर तिचा टेबलफॅन होता, लहान पोर घ्यावं तसा. तिच्यामागे शिलाईवाली, तिच्याकडे दोन पंखे. मागे आणखी बायका, सगळ्यांकडे पंखे. एकाच्या जाळीचे गज वाकलेले, एक नुसत्या दोरीने बांधलेला, एक एवढासा की त्याने माशीसुद्धा उडाली नसती.

"हे काय?" मी विचारलं.

"ओलं आहे ना? मग वाळवायला नको?" ताई म्हणाली. "दारोदार फिरले. पहिल्या घरी तोंडातून शब्द फुटेना. चौथ्या घरी म्हटलं, पंखा द्या, आणि जास्त विचारू नका."

जिचं दार शेजारणीला उघडत नव्हतं, ती सगळ्या इमारतीची दारं वाजवून आली होती. पाठ केलेलं एकही वाक्य माझ्या कामी आलं नाही, आणि इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल.

फाटकात मोठ्या बाई उभ्या होत्या. ती वरात बघून त्या दोन पावलं मागे सरल्या. "हॉल बंद आहे, मी सांगितलंय," त्या म्हणाल्या.

"आम्ही खेळायला नाही आलो," ताई म्हणाली. "निस्तरायला आलोय."

"पंख्यांनी काय होणार?"

मी तिथल्या तिथे हॉलची जमीन बसवणाऱ्या माणसाला फोन लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला. तो म्हणाला, हीटर लावू नका, खिडक्या उघडा, वारा सोडा आणि धीर धरा, बऱ्याच फळ्या आपल्या आपण बसतील. बाईंनी फोन परत दिला. मग स्वतः जाऊन कुलूप काढलं. "वायर कुणाच्या पायात आली तर माझ्याकडे यायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

हॉल भुंग्यासारखा घुमायला लागला. ताई दाराशी उभी राहून कुठला पंखा कुठे वळवायचा ते ओरडून सांगत होती, आणि काम संपल्यावर तिने मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, मागचं अंगण सिमेंटचं आहे ना?"

"आहे. का?"

"वाळेपर्यंत तिथे खेळतो."

बाईंनी नुसतं अंगणाकडे वळून बघितलं, आणि ताईने त्याचा अर्थ हो असा घेतला. दुसऱ्या संध्याकाळी जाळी नळाच्या पाइपाला आणि घसरगुंडीच्या शिडीला बांधली गेली. हॉलमध्ये खेळायच्या तेव्हा बायका भिंतीआड असायच्या. अंगणातला खेळ आसपासच्या सगळ्या खिडक्यांतून दिसायला लागला. आधी लोक वरून बघायचे, मग सल्ले द्यायचे, मग खाली यायचे. ट्रकवाले आले, त्यांच्या बायका आल्या, काठी टेकत आजोबा आले. ते सावलीत बसून चुकीचे गुण ओरडायचे आणि चुकलं म्हटलं की भांडायचे. ताईपुढे मात्र सगळे वचकून.

पुढच्या महिन्यात अध्यक्ष पुन्हा आले. जमीन बरीचशी बसली होती, दाराजवळच्या काही फळ्या तेवढ्या कायमच्या वाकड्या राहिल्या. ते त्यांच्यावरून चालून बघत होते, तोवर अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. ते खिडकीशी गेले आणि अंगणातली डोकी मोजायला लागले.

"एवढे लोक हॉलमध्ये मावणार नाहीत," ते म्हणाले.

"आलटून पालटून घेऊ," मोठ्या बाई म्हणाल्या. मी चमकून बघितलं. "हॉल आणि अंगण, दोन्ही उघडं ठेवू. फक्त बादली हॉलच्या दारातून आत येणार नाही."

अंगणात बादली आणायला कुणी मनाई केली नव्हती. त्यामुळे ताई रोज खेळाच्या आधी अंगण धुते. तिथे धूळ असते, ती लोकांच्या छातीत जाते, असं तिचं म्हणणं, आणि तिच्याशी वाद घालण्याएवढी शूर मीसुद्धा नाही. एका संध्याकाळी मला उशीर झाला. घाईघाईत चेंडूंची ढकलगाडी घेऊन मी नुकत्याच पुसलेल्या अंगणातून थेट मधोमध गेले. पलीकडे पोचून मागे बघितलं, तर ओल्या सिमेंटवर चाकांचे दोन लांब काळे पट्टे.

ताई हातात कुंचा घेऊन त्या पट्ट्यांकडे बघत होती. मी शिव्या खायच्या तयारीत थांबले.

"ते असंच करायचे," ती म्हणाली.

कोण ते मला विचारावं लागलं नाही.

"कॉरिडॉर पुसून मी वळले रे वळले की स्ट्रेचर घेऊन यायचे. असेच, अगदी मधोमध. मी ओरडले की म्हणायचे, पेशंटला घाई आहे." आणि ती हसायला लागली. "स्ट्रेचरवर पेशंटच नसायचा."

शिलाईवाली जाळी बांधता बांधता थांबली. "मग?"

"मग काय. ह्यांच्या पेशंटला दिवसभर घाई. शेवटी लग्नच करावं लागलं."

सगळ्या हसल्या. मला हसताही येईना आणि रडताही येईना. मी उगाच गाडीचा दांडा पकडून उभी राहिले.

"दिसायला कसे होते हो?" शिलाईवालीने विचारलं.

ताईने कुंचा भिंतीला टेकवला, पायरीवर ऐसपैस बसली आणि सांगायला लागली. त्या संध्याकाळी खेळ झालाच नाही.