मागची खिडकी

“खिडकीला हात लावायचा न्हाई! पुरातन हाय ती,” सासरे गवंड्यावर ओरडले. “तिच्याम्होरनं भिंत घे.”

चऱ्होलीतलं आमचं दगडी घर वारसा यादीत गेलं, तेव्हा याच आबांनी महापालिकेची आई-बहीण काढली होती. आता धाकट्या दिरांना, पिंटूभावजींना, नगरसेवक व्हायचं होतं. नगरसेवकाला संपर्क कार्यालय लागतं, कार्यालयाला काळी काच लागते. बाकी काही लागत नाही, अक्कल तर नाहीच. घराच्या मागे वाढीव बांधकामाला परवानगी मिळाली. अट एवढीच, की जुने दगड, दारं, खिडक्या काढायच्या नाहीत.

मागच्या भिंतीला एकच खिडकी होती, जयमालाआक्कांच्या खोलीची. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न मोडून आल्या त्या याच खोलीत राहिल्या. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. पहाटे खिडकीतून वळणावर बसचे दिवे दिसले, की डबा उचलून निघतात. घरी आल्यावर सुजलेले पाय खिडकीच्या रुंद दगडावर टाकतात, आणि माझं बाळ त्यांच्या पोटावर झोपतं. ‘गाडी’ हा त्याचा पहिला शब्द. तोही त्या खिडकीतच फुटला.

“आबा, मला बस कुटनं दिसंल?” आक्कांनी विचारलं.

“मोबाइल हाय की तुला.”

“आन् वारा?”

“फॅन लावू मोठा,” पिंटूभावजी म्हणाले. “आक्का, भावाचं नशीब उघडतंय, आन् तू खिडकीचं काय घेऊन बसलीस?”

“मग दुसऱ्या अंगाला उघड की तुझं नशीब.”

“तिकडं पार्किंग हाय.”

माझ्या नवऱ्याने या सगळ्या वेळात मान खाली घालून क्रिकेटचा स्कोअर पाहिला. मी बोलायला गेले, तर आबा म्हणाले, “सूनबाई, बाळ रडतंय बघा.” बाळ हसत होतं.

भिंत उभी राहिली. वारसा समितीचे साहेब पाहणीला आले, त्या दिवशी आबांनी खिडकीला आतून झेंडूचं तोरण बांधलं. साहेबांनी लाकडी गजांवरून बोट फिरवलं. पलीकडे वीतभर अंतरावर विटा होत्या. त्यांनी त्याही पाहिल्या.

“मूळ खिडकी छान जपलीत हां.”

“आमचा जीव हाय तिच्यात, साहेब.”

“या खोलीत कोण राहतं?”

“कोण न्हाई. सामान असतंय.”

आक्का ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. एकही कप हलला नाही.

“घ्या साहेब,” त्या पुढे होत म्हणाल्या, “सामानाच्या हातचा चहा घ्या.”

साहेब हसले. काहीतरी गावाकडचा विनोद असावा, असं त्यांना वाटलं. आबाही हसले. दोन्ही पुरुषांनी बशीत ओतून चहा प्यायला, आणि सही झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ जागं झालं, म्हणून मी त्याला घेऊन आक्कांच्या खोलीत गेले. त्या पदर खोचून तयार होत्या. सुकू लागलेलं तोरण त्यांनी बाजूला सारलं आणि रोजच्यासारखी खिडकी उघडली. ओल्या सिमेंटचा वास आत आला.

बाळाने विटांकडे बोट केलं. “गाडी.”

“व्हय राजा,” आक्का म्हणाल्या, “आली आसंल.”

डबा उचलून त्या रस्त्यावर उभं राहायला गेल्या. खिडकी तशीच उघडी ठेवून.