माझ्या पोटातली सवत

मी एक जुनी ओक लाकडाची पेटी आहे. मित्रांनो, माझा जन्म अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीकाठचा. सुताराने माझ्या दर्शनी फळीवर एका मुलीच्या नावाची अक्षरं कोरली. ती माझ्या मालकिणीची, केझायाची, आजी. आमच्याकडे अशी पेटी आईकडून लेकीकडे जाते, नवऱ्याचा तिच्यावर हक्क नसतो. केझाया मला दर शनिवारी मेण लावून पुसायची. आल्यागेल्याला माझी अक्षरं दाखवायची. माझा तोरा काय सांगू!

मग इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढाई सुरू झाली. केझायाचा नवरा अझाएल राजाच्या बाजूने लढायला गेला आणि तिकडेच मेला. त्याच्या सोबत्याने त्याचा हिरवा कोट तेवढा आणून दिला. केझायाने माझ्यातल्या चादरी बाहेर काढल्या आणि तो कोट आत ठेवला. आयत्या बिळावर नागोबा! रोज संध्याकाळी ती झाकण उघडायची, कोटात तोंड खुपसून रडायची. मला मात्र मेणाचं बोट लागेना. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सवत असावी तरी शेजारच्या खोलीत. माझी माझ्याच पोटात होती.

सगळं गाव राजाच्या विरोधात. त्याने केझायाला वाळीत टाकलं. गिरणीवाला तिचा मका दळेना. चूल विझली तर शेजारणी निखारासुद्धा देईनात. "टोरीच्या बायकोला कसला विस्तव? राजाकडे माग की!" म्हणायच्या. राजाची बाजू घेणाऱ्याला तिकडे टोरी म्हणत. तिची लहानगी लेक डॉर्कस गार लापशी खाऊन झोपायची.

एके दिवशी कळलं, उद्या गावसमिती घर जप्त करणार. राजाच्या सैन्याचा कोट सापडला असता तर केझायाची रवानगी तुरुंगात आणि डॉर्कसची परक्या घरी चाकरीला झाली असती. केझायाने कोट बाहेर काढला. झाकण मिटल्यावर मला कात्रीचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

सकाळी समितीचा ओबेड माणसं घेऊन आला.

"केझाया, टोरीचं सगळं आता गावचं. बाजूला हो."

"खाट ने, भांडी ने. ही पेटी माझ्या आईकडची आहे. अक्षरं वाच, ओबेड. का तुझ्या बायकोची पेटीपण तू स्वतःची म्हणतोस? तिला विचारून आलायस ना?"

बरोबरची माणसं हसली. ओबेडचे कान लाल झाले.

"पेटी राहू दे. आत काय आहे ते दाखव."

त्याने झाकण उघडलं. मी रिकामी होते. मग त्याची नजर डॉर्कसवर गेली.

"भर उन्हाळ्यात पोरीला एवढा जाड परकर?"

"हिवताप भरलाय तिला. बघ हवं तर हात लावून."

ओबेड चार पावलं मागे सरला. तेव्हा कुठे मला कळलं. कोटाच्या पट्ट्या त्या परकराच्या आत शिवल्या होत्या. सवत मेली नव्हती, लेकीच्या कमरेला जाऊन बसली होती!

पुढच्याच आठवड्यात मायलेकी उत्तरेकडे, राजाच्या मुलखात जाणाऱ्या जहाजावर निघाल्या. हातात मावेल तेवढंच न्यायचं होतं. कोट गेला. मी राहिले. जाताना केझायाने माझ्या अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, माफ कर." तेही आईला, मला नाही.

त्या गेल्यावर ओबेडने मला उचललं. आता मी त्याच्या गोठ्यात आहे. माझ्यात मका भरतात. उंदरांनी कड कुरतडली आहे, अक्षरं शेणाखाली गेली आहेत. मित्रांनो, कुणाची आठवण पेटीत जपाल तेव्हा पेटीवरूनही फडकं फिरवत जा. आम्हालाही जीव लावलेला कळतो.

आणि एक सांगते. त्या कोटाचं एक बटण माझ्या तळाच्या फटीत राहिलं आहे. मला ते डोळ्यांसमोर नको असतं. तरी मका उपसताना फावडं जवळ आलं की मी ती फट घट्ट आवळून धरते. डॉर्कस कधीतरी बापाचं बटण शोधत येईल. तेव्हा तिला आधी माझं झाकण उघडावं लागेल.