आरोपी मॉनिटरचं म्हणणं

होय, मीच तो मॉनिटर. घरोघरी ज्याच्या नावानं बोटं मोडली जातात, त्याच जातीतला. डोकं दुखलं, स्क्रीनमुळे. डोळे चुरचुरले, स्क्रीनमुळे. पोराला चष्मा लागला, तोही स्क्रीनमुळेच. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, आम्ही सगळे भाऊबंद वर्षानुवर्षं हे ऐकून घेतोय. मी आता ऐकून घेणार नाही. माझं म्हणणं आधी पुरतं ऐका, मग काय शिक्षा द्यायची ती द्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. थर्माकोलमध्ये आवळून बांधलेल्याला काय दिसणार? जग पाहिलं ते राजुऱ्यात, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात. कोळशाचे ट्रक दिवसभर समोरून जायचे आणि संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडावर काळा थर बसायचा. मालकानं माझं तोंड पुसावं की नाही? त्यानं माझा उजेड वाढवला. रोज थोडा थोडा वाढवत पार टोकाला नेला, आणि मग गिऱ्हाइकांना सांगू लागला की ह्या डबड्यानं माझे डोळे जाळले. फडकं शेजारच्या खिळ्यालाच लटकत होतं.

चार वर्षांनी त्यानं मला काढून टाकलं आणि मी मोहर्लीच्या वाटेवरच्या एका गावात आलो. जंगलातल्या वाघांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेची तिथं खोली आहे. जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. समोरून काहीही गेलं की ते आपोआप फोटो काढतात. त्यांची कार्डं लटारूभाऊ घेऊन यायचे आणि त्यांतले फोटो माझ्यावर उघडले जायचे. दहा हजार फोटोंत नऊ हजार गवत, गाई, चितळ आणि कॅमेरा बांधणाऱ्या लटारूभाऊंचे स्वतःचे गुडघे. उरलेल्यांत कधीतरी वाघ. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून तो कोणत्या नंबरचा हे ठरवायचं. हे काम संघप्रियाचं होतं.

संघप्रिया गावातलीच, पंचविशीतली, बी.एस्सी. झालेली. जंगल वाचायला तिला लटारूभाऊंनी शिकवलं. ते तीस वर्षं वनमजूर होते. कॉलेजच्या सुट्टीत ती त्यांच्याबरोबर पाणवठ्याच्या मचाणावर मोजणीला बसायची. भाऊंची शिकवण एकच, "पापणी हालली का वाघ गेला समज." मचाणावर ते खरंच आहे. वाघ झुडपातून निघून दुसऱ्या झुडपात शिरेपर्यंत किती वेळ लागतो? मुलगी हुशार. न हलता, डोळे उघडे ठेवून बसणं तिच्या अंगवळणी पडलं. तीच सवय घेऊन ती माझ्यासमोर बसली.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. माणसाच्या डोळ्यांकडे इतका वेळ समोरून बघायला माझ्याशिवाय कुणाला मिळतं? गप्पा मारताना माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. माझ्यासमोर बसला की तेच पाच-सहावर येतं. पापणी लवली की डोळ्यावरून ओला हात फिरतो, नाही लवली की डोळा सुकतो. इतकं साधं आहे हे. संघप्रियाची पापणी मिनिटाला जेमतेम दोनदा लवायची. डोळे चुरचुरले की ती तोंडावर पाणी मारायची, खुर्ची आणखी पुढं ओढायची आणि पुन्हा टक लावायची.

खोलीची मांडणी तर विचारू नका. मला जुन्या रजिस्टरांच्या पेटीवर चढवलेलं, म्हणजे तिला मान वर करून, डोळे ताणून बघावं लागे. खिडकी तिच्या पाठीमागे, तिचा सगळा उजेड माझ्या तोंडावर. एप्रिलमधली चंद्रपूरकडची दुपार, म्हणून कूलर थेट तिच्या चेहऱ्यावर. ह्यातली एक तरी गोष्ट मी केली होती का? मला तर स्वतःची मानही वळवता येत नाही.

त्याच दिवसांत पलीकडच्या गावच्या वारलूवर वाघानं झडप घातली. पहाटे मोहफुलं वेचायला तो वाकला होता. वारलू वाचला, पण खांदा फाटला. गाव बिथरलं, आणि बिथरणारच. तासाभरानं जवळच्या नाल्यावरच्या कॅमेऱ्यात एक वाघ आला होता. तो वाघ कोणता ते ठरवून वनखात्याला कळवायचं होतं, कारण ज्याचा नंबर कळवला जाईल त्याच्यासाठी पिंजरा निघणार होता. खोलीचे प्रमुख अश्विन सर सांगून गेले की चारच्या आत नंबर हवा.

संघप्रिया सकाळी सातपासून एका जागी बसली होती. जुने चारशे फोटो तिनं नाल्यावरच्या फोटोशी ताडून पाहिले. दोन वाजता तिनं लिहिलं, अकरा नंबरची वाघीण. सरांनी ते लगेच फोनवर कळवूनही टाकलं.

अकरा नंबर म्हणजे तीन पिल्लांची आई. पिल्लं चार महिन्यांची. ती पिंजऱ्यात गेली तर पिल्लं उपाशी मरणार होती, आणि ज्यानं वारलूला धरलं तो मोकळाच राहणार होता. मला फोटो दिसत होता. हा अकरा नंबर नाही हे मला कळत होतं, आणि मला वाचा नव्हती. त्या दुपारइतका संताप मला पुन्हा कधी आला नाही.

अडीचला लटारूभाऊ कार्डं घेऊन आले.

"अकरा नंबर?" ते दारातच थांबले. "थे कशी येईन बाई नाल्यावर? थे त पिल्लं घेऊन तलावाच्या त्या आंगाले हाय. आज सकाळीच मी तिचे पंजे पाह्यले."

"मी पट्टे पाह्यले ना भाऊ. चारदा पाह्यले."

भाऊंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे लालभडक झाले होते. ते खिडकीशी गेले आणि लांब बांधावरच्या झाडाकडे त्यांनी बोट केलं. "इकडे ये. पाळीवरच्या ऐनावर काय बसलं हाय, सांग."

ती बराच वेळ बघत राहिली. "कावळा?"

"वांदर होय थे. अन् दोन हायेत."

संघप्रिया खाली बसली. "भाऊ, मले सगळं पुसट दिसून राह्यलं. दोन हप्ते झाले. मी कोणाले सांगितलं नाई. डोळे गेले त हे काम बी गेलं."

भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिच्याकडे निरखून बघू लागले. मग म्हणाले, "तू पापणी काऊन नाई हालवत?"

"तुमीच त शिकवलं."

  म्हातारा हळूच म्हणाला, "थे मचाणावरचं होय, पोरी. फोटोतला वाघ कुठी पळून राह्यला?"

त्यानं आधी कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं. मला पेटीवरून उतरवून टेबलावर ठेवलं, टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली आणि खुर्ची हातभर मागं ओढली. माझा उजेड खोलीच्या उजेडाइतका खाली आणला. राजुऱ्यापासून मी ज्याची वाट बघत होतो ते सगळं त्या माणसानं दहा मिनिटांत केलं, आणि त्याला कॉम्प्युटर चालूही करता येत नाही. मग त्यानं संघप्रियाला बाहेर सावलीत नेलं आणि अर्धा तास डोळे मिटून बसवलं.

सव्वातीनला ती परतली. थोडं बघायची, पापण्या मिटायची, खिडकीतून लांब पाळीवरच्या झाडाकडे नजर टाकायची, पुन्हा माझ्याकडे. मागच्या पायाजवळचा एक पट्टा तिनं मोठा करून पाहिला. अकरा नंबरचा तो पोटापर्यंत सलग उतरतो. हा अर्ध्यात तुटलेला होता. हा वेगळाच वाघ होता, कोवळा नर, ज्याला अजून नंबरही मिळाला नव्हता.

तिनं सरांना सांगितलं, "सर, माह्याकडून चूक झाली. अकरा नंबर नाई."

अश्विन सरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी दोन्ही फोटो स्वतः पाहिले आणि फोन उचलला. पिंजऱ्याची गाडी तलावाकडे निघायच्या बेतात होती, ती नाल्याकडे वळली.

मग दुरुस्तीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, चूक होण्याचं कारण. सर माणूस वाईट नाहीत. ते तिला वाचवायलाच म्हणाले, "स्क्रीन खराब होती असं लिहा. जुनीच तर आहे. तुमच्यावर काही येणार नाही."

मी तयार होतो. सवयच होती मला. कुणाच्या तरी डोळ्यांचं पाप माझ्या माथी, हे काय नवीन?

संघप्रियानं पेन हातात घेतलं. "स्क्रीन चांगली हाय सर. डोळे माहे थकले होते."

"तुमच्या कामावर शेरा येईल."

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि तेच लिहून खाली सही केली.

शेरा आलाही. पुढच्या आठवड्यात ती चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डोळे शाबूत होते, नुसते सुकले होते आणि थोडा नंबर होता. आता ती चष्मा लावून माझ्यासमोर बसते. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघते, तासाभरानं उठून अंगणात एक चक्कर मारते. नाल्यावरचा तो नर सहाव्या दिवशी पिंजऱ्यात आला. अकरा नंबर पिल्लांसह तलावाकडेच आहे.

माझ्या एका कोपऱ्यात आताशा हिरवी रेघ उमटू लागली आहे. किती दिवस चालेन सांगता येत नाही. मी गेलो की नवा येईल, आणि त्यालाही तुम्ही हेच ऐकवाल. तर ऐकवायच्या आधी त्याचं तोंड पुसा, त्याला खाली घ्या, तुम्ही थोडं मागं सरका, आणि मधूनमधून उठून जा. एवढं करूनही डोळे दुखले तर डॉक्टरांकडे जा, त्याच्यावर डाफरू नका. आणि कुणी म्हणालंच की सगळा दोष ह्या स्क्रीनचा, तर त्याला ह्या खोलीत पाठवा. कपाटातल्या फाइलमध्ये तो फॉर्म अजून आहे. मी निर्दोष आहे असं त्यात लिहिलेलं आहे, सहीनिशी.