पडून राहा, टिंगू!

तीस वर्षं मी फुटबॉल बघतोय, आणि त्या तीस वर्षांत जमिनीवर पडलेल्या एकाही खेळाडूची मला दया आली नव्हती. कोणी घोटा धरून लोळायला लागलं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "नाटक! ऊठ आणि घरी जाऊन झोप!" मित्र मला 'रेफरी' म्हणतात, ते काही आदरानं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. पुढे मालकीणबाई डोळे तपासतात, फ्रेमा दाखवतात. मागच्या खोलीत मी काचा फ्रेमच्या मापाच्या घासतो, कडा गुळगुळीत करतो आणि बसवतो. या कामाला हात स्थिर लागतो. मॅचच्या दिवशी तो माझ्याकडे नसतो, हे मालकीणबाई चांगलं ओळखून आहेत. त्या दिवशी त्या मला फक्त सैल झालेले स्क्रू आवळायला देतात.

यंदा तर मी स्क्रूच्याही कामाचा उरलो नव्हतो. महिलांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आमचा देश पहिल्यांदाच पोचला होता, आणि बचावफळीत चार नंबरची जर्सी घालून माझी सख्खी पुतणी उभी होती. टिंगू. लहानपणी वर्गात सगळ्यात बुटकी, म्हणून ते नाव मीच ठेवलेलं. तेराव्या वर्षी तिनं अशी काही उंची काढली की आता ती दारातून मान वाकवून जाते. पण नाव चिकटलं ते चिकटलं. चेंडूला तिनं पहिली लाथ मारली ती माझ्यासमोर. शेजाऱ्यांची कुंडी फुटली आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून तिच्या खेळात माझा वाटा आहे, अशी माझी ठाम समजूत.

पहिली मॅच आम्ही हरलो. दुसरी कामाच्या दिवशी, दुपारी होती. काचांच्या खोक्याला फोन टेकवून मी बघत होतो. आम्ही एका गोलनं पुढे. तेवढ्यात समोरच्या संघातली एक मुलगी खांद्यावर पडली आणि उठेना.

"नाटक!" मी गरजलो. "उचला आणि बाहेर ठेवा तिला!"

चष्मा दुरुस्तीला घेऊन आलेल्या एक आजी दारात उभ्या होत्या. "अहो, खरंच लागलं असेल तर?" त्या म्हणाल्या.

"आजी, तीस वर्षं बघतोय मी. फाउल मिळवायचे धंदे आहेत हे."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, त्या मुलीचं गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. मी वाचलं आणि पान उलटलं. आम्ही जिंकलो होतो ना! आता तिसऱ्या मॅचमध्ये नुसती बरोबरी साधली तरी पुढच्या फेरीत जाणार होतो. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

तिसरी मॅच रविवारी सकाळी दहाला होती. मी आणि बायको दादाकडे गेलो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, टिंगूचा बाप. जन्म छापखान्यात गेला, मशीनच्या धडधडीनं कान थोडे मंद झालेले. तो टीव्हीच्या इतका जवळ बसतो की बाकीच्यांना त्याच्या डोक्यामागून मॅच बघावी लागते. वहिनी मात्र कधीच बघत नाहीत. त्या घरी शिवणकाम करतात. लेक मैदानात उतरली की त्या आतल्या खोलीत मशीन चालवत बसतात. "तुमच्या आरड्याओरड्यावरून सगळं कळतं मला," असं त्यांचं म्हणणं. माझी बायको इस्पितळात एक्स-रे काढते. तिला या खेळातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ती पेपरातलं शब्दकोडं घेऊन आली होती.

पूर्वार्धात दोन्हीकडून एकेक गोल झाला. एक-एक. आम्हाला एवढंच पुरे होतं, फक्त वेळ सरायला हवा होता. पण घड्याळाला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे, पुढे म्हणून सरकत नव्हतं. मी सोफ्यावर बसत होतो, उठत होतो, पुन्हा बसत होतो. बायको म्हणाली, "अहो, एक काहीतरी ठरवा. मला उगाच झोका बसतोय."

त्रेसष्टाव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. टिंगू उडाली, त्यांची नऊ नंबरही उडाली, आणि दोघी खाली आल्या. नऊ नंबर डोकं चोळत उठली. टिंगू नाही उठली.

आणि मी, तिचा सख्खा काका, टाळी वाजवून ओरडलो, "शाब्बास! पडून राहा, टिंगू! वेळ काढ! दोन मिनिटं तरी उठू नकोस!"

दादाही हसला. "हुशार आहे पोर," म्हणाला.

बायकोनं शब्दकोड्यातून मान वर केली. तिनं पडद्याकडे एकदाच बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"ती वेळ नाही काढत आहे," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"हात बघा तिचा. पडताना टेकायला पुढे आलाच नाही. शुद्ध हरपूनच पडली आहे ती."

मी बघितलं. हात अंगाखाली दुमडलेला होता. कोणी पाय दुमडून झोपेल, पण तसा हात घालून कोणी झोपत नाही. मग आमच्याच मुली धावत आल्या आणि हात हलवून डॉक्टरांना बोलवायला लागल्या. गोलरक्षक गुडघ्यांवर बसली आणि तिनं तोंड फिरवलं. बाकीच्या मुली टिंगूभोवती कडं करून, पाठी बाहेर करून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यानं एकदम आकाश दाखवलं, मग प्रेक्षक, मग पुन्हा आकाश. समालोचक इतका वेळ बडबडत होता, तोही हळू बोलायला लागला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खोलीत कोणी बोलेना. आणि आतलं मशीन थांबलं.

वहिनी दारात आल्या. गळ्यात मापाची टेप, बोटांत कापडाचा तुकडा. "ओरडत का नाही कोणी?" त्यांनी विचारलं.

दादा उठला आणि टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. एवढा आडदांड माणूस, पण पडदा झाकायला पुरेना. त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवं मैदान दिसतच होतं.

"बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या. तो हलला नाही. "अहो, बाजूला व्हा म्हणते मी!"

तो झाला. वहिनी खाली फरशीवरच बसल्या. माझी बायको त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि तिनं त्यांचा हात धरला.

ती अकरा मिनिटं होती. मी नंतर मोजली म्हणून सांगतो, तेव्हा कोणी विचारलं असतं तर तास सांगितला असता. मी उभाच होतो. गुडघ्यांना बसायचं कसं ते आठवत नव्हतं. डोक्यात माझाच आवाज घुमत होता, पडून राहा, टिंगू, पडून राहा. शब्दानं काही होत नसतं, एवढी अक्कल मला आहे. तरी मी मनातल्या मनात ते वाक्य मागे घेत होतो. एकदा नाही, शंभर वेळा. ऊठ गं बाई. ऊठ. बरोबरी गेली खड्ड्यात, पुढची फेरी गेली खड्ड्यात, पाहिजे तर तो कप त्यांना देऊन टाका, पण ऊठ.

आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी ती हाड मोडलेली मुलगीही आठवली. तिचेही कोणी काका असतील, कुठल्याशा खोलीत असेच उभे.

"बूट बघा," बायको एकदम म्हणाली. "डावा बूट. हलला."

"कुठे?" वहिनी पुढे सरकल्या.

"त्या मुलींच्या पायांमधून बघा. हलला, परत हलला. आता उजवा. दोन्ही पाय हलतायत, वहिनी. हे चांगलं आहे. हे खूप चांगलं आहे."

बावीस वर्षं संसार झाला आमचा, पण तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. इस्पितळात घाबरलेल्या लोकांशी ती याच आवाजात बोलत असणार. मला वाटलं, हिला मी फुटबॉलमधलं काही कळत नाही म्हणून इतकी वर्षं हसत होतो.

स्ट्रेचर बाहेर निघालं तेव्हा क्षणभर टिंगूचं तोंड दिसलं. भुवईवर बोळा दाबलेला, मानेला पट्टा, डोळे उघडे. डॉक्टर तिच्यासमोर बोटं धरून विचारत होता आणि ती त्याच्याशी काहीतरी हुज्जत घालत होती.

"भांडतेय!" दादा म्हणाला. "बघ, भांडतेय ती!" आणि तो रडायलाच लागला.

पुढे मॅच चालू झाली. कोणी टीव्ही बंद केला नाही, कारण कोणालाच सुचलं नाही. वहिनी फोन मांडीवर घेऊन बसल्या. मीही फोनकडे बघत होतो, म्हणजे एका डोळ्यानं. दुसरा डोळा चेंडूवर होता. सांगायला लाज वाटते, पण होता. टिंगूच्या जागी आलेली मुलगी चांगली होती, पण तिच्याहून वीतभर बुटकी. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, पुन्हा तीच नऊ नंबर, आणि या वेळी तिच्याबरोबर उडायला कोणी नव्हतं. दोन-एक. आम्ही स्पर्धेबाहेर.



थोड्या वेळानं फोन वाजला. संघाच्या मॅनेजरबाई होत्या. शुद्धीवर आहे, बोलतेय, डोक्याचा स्कॅन करायला नेलंय, तासाभरात कळवते. बायकोनं वहिनींच्या हातातून फोन घेतला आणि चार नेमके प्रश्न विचारले. उलटी झाली का? आईचं नाव सांगितलं का? दोन्ही हात सारखे उचलतेय का? मग फोन ठेवून म्हणाली, "उत्तरं बरोबर आहेत." त्यानंतर तिनं उठून स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. तो कोणी प्यायला नाही, पण कप हातात धरायला बरे वाटले.

तासाचा दीड तास झाला. मग पडद्यावर टिंगूच दिसली, व्हिडिओ कॉलवर. इस्पितळाची निळी उशी, भुवईवर सात टाके, एक डोळा सुजून वाटाण्याएवढा झालेला.

"आई, मी ठीक आहे. स्कॅन चांगला आलाय. रडू नको. बाबा, तुम्हीही नका रडू. काका कुठाय?"

मी पुढे झालो. 

"काका, दोन-एक? मी गेल्यावर त्या नऊ नंबरला धरत कोण होतं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "मोकळं रान."

"तेच म्हटलं मी डॉक्टरांना! मला परत जाऊ द्या, ती मागच्या खांबाशी उडते. ऐकेचनात."

"टिंगू," मी म्हणालो, "तू पडलीस ना, तेव्हा मी इथून ओरडलो, पडून राहा म्हणून. वेळ काढायला."

ती सुजलेल्या डोळ्यानं बघत राहिली. मग हसायला गेली, टाके ओढले गेले, "आई गं" म्हणाली आणि तरी हसलीच.

"काका, आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, आणि बघ काय झालं!"

आधी बायको हसली, मग वहिनी. मग सगळेच असे काही हसत सुटलो की पलीकडे नर्स येऊन रागावली आणि फोन बंद करायला लावला. दुपारचे अडीच वाजले होते. एकाएकी सगळ्यांना भूक लागली. आम्ही पाव आणि अंडी उभ्याउभ्याच खाल्ली, एका तव्याभोवती, ताटंही न घेता. मग दादा खुर्चीतच घोरायला लागला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर लोक पडेल चेहऱ्यानं परतत होते, कोणाच्या गालांवर रंग, कोणाच्या काखेत गुंडाळलेला झेंडा. एकानं वर बघून विचारलं, "बघितलीत का हो? काय वाटोळं केलं!" मी मान हलवली. त्याला काय सांगणार, की एवढा सुखी हरलेला माणूस या रस्त्यावर दुसरा नव्हता?

चार दिवसांनी टिंगू घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर खेळ नाही, पहिले काही दिवस टीव्ही नाही, फोन नाही, मोठा आवाज नाही. पुढच्या आठवड्यात उपांत्य सामना होता, भर दुपारी. मी दुकानातून अर्धी रजा टाकून दादाकडे गेलो. टिंगू सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, पाय सोफ्याच्या बाहेर हातभर.

"आवाज बंद करून बघा," ती म्हणाली, "आणि मला फक्त स्कोअर सांगा."

आम्ही आवाज बंद केला. सांगायला स्कोअरच नव्हता. अर्ध्या तासात तिचा श्वास संथ झाला. वहिनींनी तिच्या पायांवर चादर घातली आणि तिथेच तिच्या पायाशी टेकून बसल्या.

सत्तराव्या मिनिटाला कोणीतरी तीस यार्डांवरून मारला. चेंडू असा वळत वळत गेला की तीस वर्षांत मी तसा गोल बघितला नाही. दादा आणि मी एकदमच उठलो, हात वर, तोंडं उघडी, डोळे विस्फारलेले. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तसेच उभे राहिलो, दोन म्हातारे, एकमेकांचे खांदे धरून, मुक्यानं नाचत.