रोग ओढणारं हाड

चर्चच्या अंगणात साठ माणसं रांगेत उभी होती आणि एकालाही पुढे जायचं नव्हतं.

"काकू, तुम्ही आधी!"

"छे हो! तुमचे गुडघे जास्त दुखतात, व्हा पुढे!"

रांगेत जो मागे, तोच बरा होतो, हे आमच्या गावानं तीन दिवसांत हेरलं होतं.

पिकअप ट्रकवर लांबमान्या डायनासोरचं मांडीचं हाड, माणसापेक्षा लांब. शेजारी पांढऱ्या सुटातला फिरता धर्मोपदेशक ब्रदर ऑर्लिन. "महापुरात नोहाच्या नौकेत याची मान मावेना! बिचारा जगाचे रोग पोटात घेऊन बुडाला. चाटा! जीभ चिकटली, म्हणजे हाड रोग ओढतंय. निसटली, म्हणजे रोग संपला. औषधं टाका या पिंपात!"

जन्मभर झाडपाला खाल्ला त्या जनावरानं, आणि मेल्यावर हे नशिबी!

मी पोट धरून हसलो असतो. पण काल रांगेत माझी बायको लावोना शेवटची होती. तिची जीभ निसटली, आणि इन्सुलिन पिंपात गेलं. आज ती घटाघटा पाणी पीत होती, उभ्या उभ्या पेंगत होती. मी पार घाबरलो होतो.

"अगं, हात जोडतो, दवाखान्यात चल!"

"एल्डन, तुझा मेला कशावरच विश्वास नाही."

माझं डोकंच फिरलं. युटाच्या या टेकड्यांत तीस वर्षं मी असली दगड झालेली हाडं खणतोय. आम्ही ती चाटूनच ओळखतो: साधा दगड निसटतो, हाड चिकटतं. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी हेच केलंय, आणि एकालाही आठवू नये?

पायरीवरची मातीची कुंडी मी आपटून फोडली. "ही खापरी चाट."

लावोनानं वैतागून चाटली. जीभ चिकटली!

"आता कुंडीही रोग ओढते का?"

"कुंडीत सैतान असतो!" ऑर्लिन ओरडला.

"तू गप रे!" मी खापरी नळाखालच्या भरल्या बादलीत बुडवली. बुडबुडे येऊन थांबले. "आता चाट."

जीभ सटकन निसटली.

"बारीक भोकं असतात गं, ती ओल शोषतात. भरली की संपलं. हाड सकाळी कोरडं असतं म्हणून चिकटतं. पुढच्या पन्नास जणांनी लाळेनं भिजवल्यावर शेवटच्याला कसं चिकटेल?"

मग म्हातारी आर्डेल किंचाळली, "म्हणजे काल मी पन्नास जणांची लाळ चाटली?"

अख्खी रांग नळाकडे धावली. ऑर्लिननं तेवढ्यात ट्रक चालू केला आणि हाडासकट धूम ठोकली.

लावोनानं माझी बाही धरली. "एल्डन, मला ने रे."

आणखी एक दिवस गेला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. ती आता बरी आहे, इंजेक्शन वेळेवर घेते.

बाबांनो, हाडं खुशाल चाटा, मीही चाटतो. पण औषध फेकण्याआधी एकदा घरची कुंडी चाटून बघा.